पाणी घालणारीचे हात

मी पितळेची झारी बोलतेय. त्या शुक्रवारी माझ्या मुठीवरचा हात गार आणि घामट लागला, तेव्हाच मी दचकले. गिझलानचा हात असा कधी नसायचा.

फेस शहरातल्या तांबटाने मला घडवलं. गिझलानच्या सासूच्या, लाल्ला बतूलच्या लग्नात मी या घरात आले. माझं काम एकच : जेवणाआधी हातांवर पाणी घालणं. सून मला घेऊन एकेकापुढे वाकते, खाली पाणी झेलायला तस्त, मनगटावर टॉवेल. मला त्याचा केवढा तोरा होता!

गिझलानला सकाळपासून दोन उलट्या झाल्या होत्या, जुलाब तर तिने मोजलेही नाहीत. पण शुक्रवारी सगळं घर एका परातीत कुसकुस जेवायचं, बोलणार कशी?

"वहिनी, हात धुवायचेत, अंघोळ नाही!" अन्वर, तिचा दीर ओरडला. तिने पाणी त्याच्या बाहीपर्यंत सांडलं होतं.

"मग साबण घ्या की, भाऊजी."

"ते साबणाचं गुलाबाचं फूल? ते बघायला ठेवलंय!"

सगळ्यांच्या हातांवर मी पाणी घातलं. तिच्या हातांवर कोणीच घातलं नाही. इतक्या वर्षांत मला हे कसं दिसलं नाही? त्याच बोटांनी तिने परातीतलं मऊ मांस निवडलं आणि मानाने सासूपुढे सरकवलं.

शनिवारी संध्याकाळी अन्वर पोट धरून संडासाकडे धावला. "त्या खाटकाने फसवलं!"

"खाटकाला बोल लावू नका, भाऊजी," गिझलान रडत म्हणाली. "मलाच आधीपासून होतं."

रात्रीपासूनच्या उलट्या-जुलाबांनी रविवारी दुपारी लाल्ला बतूलचे ओठ सुकून फुटले होते. सकाळपासून लघवी नाही. "राहू दे गं, घोटही टिकत नाही," त्या पुटपुटल्या.

शेजारच्या सिहाम नर्सचा फोन बंद. गिझलानने मला उचललं, गच्चीवर धावली आणि कठड्यावर आपटत सुटली. माझ्या पोटाला पोचा पडला, पण मी आणखी जोरात वाजले. ऐका, कोणीतरी ऐका! पोटाचा विषाणू तिच्या न धुतलेल्या बोटांवरून परातीत गेला, आणि त्या बोटांवर मी पाणी घातलं नव्हतं.

शेजारची, सिहामची खिडकी उघडली.

"अगं, काय झालं?"

"लाल्ला... उलट्या, जुलाब... माझ्यामुळे, सिहाम!"

"रडू नकोस. मीठ-साखरेची पुडी घेऊन आलेच, चमच्या-चमच्याने पाजू. दवाखान्यात न्यायला गाडीही बोलावते. आणि ते साबणाचं फूल वापरायला काढ. तुझ्या हातांवर पाणी मी घालते."