आंदणाची आलमारी

माझी बहीण अदीबा नेमकं काय शिकते, हे आमच्या राजुऱ्यात कुणालाच कळलं नाही. चंद्रपूरला इंजिनिअरिंग करत होती तोवर ठीक होतं, इंजिनिअर म्हणजे काय ते लोकांना ठाऊक असतं. पुढे २००३ साली तिनं बंगळूरच्या एका संस्थेत डिझाइन स्ट्रॅटेजी आणि इनोव्हेशन अशा लांबलचक नावाच्या पदव्युत्तर अभ्यासाला प्रवेश घेतला. अम्मीनं मोहल्ल्यात 'पोरगी डिझाइन शिकायला गेली' एवढंच सांगितलं. झालं! सुट्टीत ती बल्हारशाला गाडीतून उतरून घरी पोचते न पोचते तोच बाया ब्लाउजपीस घेऊन दारात हजर. मागचा गळा कसा ठेवू, बाह्यांना काय लावू. अदीबा बिचारी कागदावर काढून द्यायची सुद्धा. माझ्या अंगात एवढा धीर नाही, मी तर एकेकीला पिटाळून लावलं असतं.

अब्बांना तिनं एकदा नीट समजावून सांगितलं होतं. लोकांना काय हवं असतं ते त्यांना स्वतःलाही धड सांगता येत नाही. ते त्यांच्यात राहून, बघून शोधायचं आणि त्यावरून कंपनीनं काय बनवायचं, कुणाला विकायचं ते ठरवायचं. अब्बांनी दाढी खाजवत सगळं ऐकलं आणि म्हणाले, म्हणजे दुकानदारीच झाली की. तिच्या सरांनी हे ऐकलं असतं तर त्यांनाही नाही म्हणता आलं नसतं.

आमची दुकानदारी आलमाऱ्यांची. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग, लांबीची पुट्टी, रंग, सगळं मी आणि अब्बा करायचो. आमच्या भागात पोरीच्या लग्नात आंदणाला आलमारी लागतेच. बाकी काही कमी पडलं तर चालतं, पण आलमारी मांडवात उभी राहिली पाहिजे. गोंडपिपरी, कोरपना, पार आलापल्लीकडच्या खेड्यांतनं लोक आमच्याकडे यायचे. सोयरीक जुळली की बाप येऊन रंग सांगून जायचा आणि लग्नाच्या सकाळी आमचा मॅटाडोर मांडवापाशी लागायचा.

मॅटाडोरमध्ये पुढच्या सीटवर बुरखा सावरत अम्मी बसलेली असायची. आलमारी मांडवात ठेवली की अम्मी नवरीला जवळ बोलवायची, दार उघडून दोघी त्या दाराच्या आडोशाला उभ्या राहायच्या. लोकांना वाटायचं, चावी कशी फिरवायची ते सांगते आहे. ती सांगायची चोरकप्प्याचं. लॉकरचा ड्रॉवर अर्धाच बाहेर ओढून धरला, की सगळ्यात खालची फळी मागे सरकते आणि खाली दोन बोटं उंचीची जागा उघडते. ड्रॉवर पूर्ण उघडा असो की बंद, फळी हलायची नाही. अम्मी नवरीच्या हातानं एकदा ते करवून घ्यायची आणि कानात म्हणायची, "तुया बापाले मालूम नाई, नवऱ्याले होऊ देऊ नोको. हे तुले मालूम अन् मले मालूम."

आम्ही दोघं बापलेक तो कप्पा बनवायचो, पण आम्ही मोजण्यात नव्हतो. युक्ती सगळ्या आलमाऱ्यांत एकच होती. प्रत्येकीला मात्र वाटायचं की ती अम्मीनं खास आपल्यासाठी करवून घेतली आहे. सासरी गेल्यावर पोरीच्या पेटीला सासू हात लावते, नणंद तिच्या साड्या नेसते, नवरा उशाखालची नोट काढून घेतो. अशा घरात दोन बोटं उंचीची जागा तिची स्वतःची राहायची. पुढे तिची लहान बहीण लग्नाची झाली की ती माहेरी येऊन बापाला एवढंच म्हणायची, आलमारी राजुऱ्याचीच घ्या. का, ते सांगायची नाही. नागपूरच्या आलमाऱ्या आमच्याहून जाड पत्र्याच्या आणि चकचकीत असत, तरी आमचं दुकान चालायचं ते यामुळे.

दुसऱ्या वर्षाला अदीबाला प्रोजेक्ट मिळाला. एका मोठ्या कंपनीला खेड्यापाड्यांसाठी आलमारी काढायची होती आणि खर्च तीच करणार होती. वर्गात पत्र्याचा वास माहीत असलेली ही एकटीच, त्यामुळे सरांनी तो हिच्या गळ्यात घातला. तिला आधी आनंदच झाला. ती महिनाभर घरी राहिली, खेडी फिरली, बायांशी बोलली, रंग, आरसा, उंची, चावी, मातीच्या जमिनीवर पाय कसे टेकतात, सगळं टिपून घेतलं. चोरकप्प्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, भाईजान, ते आपलं नाही, त्या बायांचं आहे. त्या दिवशी मला माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला. तोंडावर म्हणालो नाही. आमच्या घरी तशी पद्धत नाही.

मग पाहणीसाठी तिचे सर येणार असं ठरलं. भोईटे सर, मूळचे साताऱ्याकडचे. सोबत कंपनीचे एक साहेब. घरात अशी धावपळ सुरू झाली की जणू अदीबाला बघायलाच पाहुणे येतायत. शेजारचा सोफा आला, कपाटातले कप निघाले, अम्मीनं पहाटेपासून कोंबडी शिजवायला घेतली. अब्बांनी इस्त्रीचा सदरा घातला, अत्तर लावलं. इंजिनिअरिंगच्या वेळी अदीबाच्या तोंडी परीक्षेला बाहेरच्या कॉलेजचा एक्स्टर्नल यायचा, तो खूश झाला तर मार्क, नाहीतर पोरं लटकली, हे अब्बांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून सर म्हणजे आतले परीक्षक आणि साहेब म्हणजे एक्स्टर्नल, असा हिशोब त्यांनी मनाशी करून टाकला होता. साहेब कंपनीचे आहेत असं अदीबानं सांगितलेलंही होतं. पण एक्स्टर्नलला कुठूनतरी यावंच लागतं, तो कंपनीतून आला, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी घेतला.

जेवणं झाली, सगळे दुकानात आले. सरांनी आलमारी ठोकून बघितली, दार उघडलं, लावलं. मग अदीबाकडे वळून म्हणाले, पत्रा पातळ, रंग साधा, भाव नागपूरएवढाच. तरी मुली हीच मागतात असं तुझ्याच अहवालात आहे. का?

अदीबानं ओढणीच्या टोकानं आलमारीवरची धूळ पुसली.

सरांनी पुन्हा विचारलं. माणूस वाईट नव्हता, शांतपणे विचारत होता. ती म्हणाली, अजून बघावं लागेल, सर. ते म्हणाले, अगं, हे तुझं स्वतःचं घर. इथलं उत्तर तुला सापडत नसेल तर या प्रोजेक्टमध्ये आहे काय? साहेबांनी घड्याळ बघितलं.

मी अब्बांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना काय वाटतंय ते मला कळलं. पोरगी नापास होते आहे, त्यांच्या डोळ्यांदेखत, त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच आलमारीवर. मी त्यांना खूण केली. पडद्याआडून अम्मीनं माझं नाव लावून त्यांना हाक मारली, "नबीलके अब्बा, जरा इधर आव." त्यांनी हात हलवून तिला थांबवलं. पाहुण्यांसमोर बापाला गप्प बसा म्हणायची हिंमत आमच्यात कुणातच नव्हती, माझ्यात तर नव्हतीच.

"सर, पोरगी घाबरून राह्यली," अब्बा उठून म्हणाले. "तिले येते उत्तर. मी दाखवतो."

आणि त्यांनी ड्रॉवर अर्धा ओढला, फळी सरकवली, खाली वाकून कप्पा दाखवला. बायका का मागतात, काय ठेवतात, अम्मी काय सांगते, सगळं सांगितलं. एवढ्या आनंदात सांगत होते की बघवेना. मधूनच म्हणायचे, हे अदीबाले लहानपणापासून मालूम आहे, विचारा तिले. सर 'वा' म्हणाले. साहेब गुडघ्यावर बसले आणि त्यांनी फोटो काढले. मग अदीबालाही विचारलं, की ही जागा बायकांना किती महत्त्वाची वाटते? तिनं उघडा ड्रॉवर आत ढकलला. अब्बा मात्र तिच्याकडे बघून हसत होते, बघ, लागली ना नाव पैलतीराला, असं.

गाडी गेल्यावर ती त्यांना म्हणाली, "अब्बा, मला येत होतं उत्तर."

"मंग सांगितलं काऊन नाई?"

"सांगायचं नव्हतं."

अब्बा पायरीवर बसले. अम्मी आतून बाहेर आलीच नाही. उरलेली कोंबडी मी एकट्यानं खाल्ली. रागानं खाल्ली, कारण दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं.

बंगळूरला गेल्यावर तिनं सरांना सगळं सांगितलं. ते ओशाळले. म्हणाले, अहवालात ते घालू नकोस, मी मार्क कमी करणार नाही, पण त्यांनी जे बघितलं ते मी कसं पुसू? तिनं साहेबांना फोन केला. तेही गोड बोलले. मॅडम, चोरकप्पे तर राजेमहाराजांपासून चालत आलेत, यात तुमच्या वडिलांचं गुपित ते काय? खरंच होतं ते. कुणी आमचं काही चोरलं असं म्हणायलाही जागा नव्हती. तिला विशेष प्रावीण्य मिळालं. अब्बांनी पेढे वाटले, पण दरवेळेसारखा पहिला पेढा अम्मीच्या तोंडात घालायला गेले नाहीत. अदीबानं पुढे भलत्याच ठिकाणी नोकरी धरली, दवाखान्यांतल्या खुर्च्यांची.

दिवाळीनंतर, लग्नं सुरू व्हायच्या तोंडावर, बसस्टँडवर पोस्टर लागलं. हसणारी नवरी, उघडी आलमारी आणि खालच्या फळीकडे जाणारा लालभडक बाण. वर मोठ्या अक्षरांत 'तिची खास जागा'. युक्ती वेगळी होती, त्यांची फळी बटणानं सरकायची. पण बाण तीच जागा दाखवत होता. पोस्टर गोंडपिपरीला लागलं, कोरपन्याला लागलं, बाजारात भिंतीवर लागलं. टीव्हीवरही आलं. कंपनीची आलमारी किती खपली मला माहीत नाही. आमची मात्र बसली. मुलाकडचे लोक बैठकीतच सांगू लागले, की राजुऱ्याची आलमारी नको, त्याच्यात पोरी लपवतात. आणि ज्यांच्या घरी आमची आलमारी आधीपासून उभी होती, तिथं काय चाललं असेल याचा विचार मी करत नव्हतो. विचार करून तरी काय होणार होतं?

बकरी ईदेला अदीबा घरी आली. ईदेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी उर्वशी आली. मुखरूभाऊंची उर्वशी, गोंडपिपरीकडची, कोरपन्याजवळ दिलेली. तिच्या लग्नात मीच मॅटाडोर चालवला होता. कडेवर लहान पोरगी. ती माझ्याशी, अब्बांशी काही बोलली नाही, सरळ आत अम्मीपाशी जाऊन बसली. रडली वगैरे नाही.

"चाची, त्याईनं पोस्टर पाह्यलं," ती नवऱ्याचं सांगू लागली. "घरी आले, सीधे आलमारीपाशी बसले. ड्रॉवर ओढून पाहे, फळी ठोकून पाहे. बम वेळ लागला. मी सयपाक करून राह्यली होती, आवाज आयकू येत होता. मंग सरकली."

अम्मीनं विचारलं, मारलं का त्यानं? उर्वशीनं नाही अशी मान हलवली. नवरा एक शब्द बोलला नव्हता. आत तिच्या मेलेल्या आईच्या चांदीच्या पाटल्या होत्या. त्यानं त्या काढल्या आणि स्वतःच्या आईच्या हातात दिल्या. आता सासू घालते. भाकरी थापताना वाजतात, म्हणाली.

अम्मीनं डोळ्याला पदर लावला. अब्बा दारात उभे होते. मी आयुष्यात त्यांचा आवाज एवढा बारीक ऐकला नव्हता. म्हणाले, "बाई, तुया चाचीनं नाई सांगितलं. मी सांगितलं. आलमारी घेऊन ये, मी दुसऱ्या जागी कप्पा करून देतो. कोनाच्या बापाले सापडनार नाई असा."

अदीबा भिंतीला टेकून उभी होती.

"नाई सापडनार, काका, मले मालूम आहे. तुमी चांगला करान," उर्वशी म्हणाली. रागानं नाही, लहान मुलाला समजवावं तसं. "पन आता त्याईले मालूम झालं ना, का मी लपवतो. आता ते पीठाचा डबाबी उलटा करून पाह्यते, पोरीच्या दुपट्यातबी पाह्यते. आलमारीचं काय."

मग तिची नजर अदीबाकडे गेली. ही बंगळूरला फार मोठं शिकली, लोकांना काय पाहिजे ते शोधून काढायचं शिकली, हे आमच्या अम्मीनंच कधीतरी कौतुकानं तिला सांगितलेलं असणार. उर्वशीनं कमरेला खोचलेली एक पुरचुंडी काढून मुठीत धरली. आत काय होतं ते तिनं दाखवलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

"ताई, तुमी शिकल्या सवरल्या आहा," ती म्हणाली. "सांगा ना. आता मी हे कुठी ठेवू?"

तिनं खरोखरच विचारलं होतं. ती वाट बघत बसली. अदीबा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिची ती बंद मूठ आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवली. कोरपन्याची बस निघायची वेळ झाली, तेव्हा उर्वशीनं हात सोडवून घेतला, पुरचुंडी परत कमरेला खोचली आणि पोरीला उचलून निघाली.