चपट्या तारा

वाद्यांच्या दुकानदाराने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा घुमीने मान आणखी खाली घातली.

"मॅडम, मी काही अवघड विचारत नाहीये. तुम्ही बास गिटार वाजवता कसं? बोटांनी, पिकने, की अंगठ्याने ठोकून? त्यावर ठरतं सगळं. चप्पल घ्यायची तर पाय दाखवावा लागतो ना?"

"पिकने," घुमी म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला. तारा राउंडवाउंड. खरखरीत, गोल गुंडाळीच्या, खणखणीत. आत्ता आहेत त्याच घ्या."

"त्या नकोत."

दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. गिऱ्हाईक शांत, मान खाली, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावं लागतं. आणि म्हणे पिकने, त्या टणक प्लॅस्टिकच्या पातीने, वाजवते.

खोटं काही नव्हतं त्यात. घरात तिला घुमी म्हणायचे ते तिच्या तोंडातून शब्द निघत नसे म्हणून. पण गिटार खांद्याला लागली की ती तारा जिथे खाली अडकवतात त्या ब्रिजच्या अगदी जवळ, पिकने, कडक वाजवायची. तार वाजली की समोरच्याच्या छातीत लागली पाहिजे. ही सवय तिला ताईमुळे लागलेली. ताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण, शाळेत गाणं शिकवणारी. तिचा आवाज असा, की माईक बंद पडला तरी मागच्या बाकावरच्या पेंगणाऱ्या माणसाला जागं करायचा. त्या आवाजाखाली टिकायचं तर मऊ वाजवून भागत नव्हतं. दाजी गिटार घेऊन बाजूला उभे राहायचे आणि म्हणायचे, "तुम्ही दोघी बहिणी चालू द्या, मी फोटोपुरता आहे."

मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली. ती काढली. डॉक्टर म्हणाले, आवाज येईल; कसा येईल ते मात्र आज सांगता येणार नाही.

आला. पण बारीक, खालच्या पट्टीतला, कडेला थोडा फाटलेला. पहिल्या तालमीला घुमीने नेहमीसारखी तार छेडली आणि ताईचा आवाज त्याखाली कुठे गेला ते कळलंच नाही. ओठ हलताना दिसत होते तेवढेच. गाणं संपल्यावर दाजी म्हणाले, "झकास." गळ्याभोवतीचा लोकरी रुमाल ताईने घट्ट केला आणि पाणी प्यायला आत गेली.

त्याच संध्याकाळी घुमी जिन्यात चपला शोधत होती आणि स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला. दाजींशी बोलत होती.

"शाळेच्या कार्यक्रमात गाईन. पण तिथे नाही जमलं, तर परत मला कुणी गा म्हणायचं नाही. तुम्हीपण नाही."

दाजी काहीतरी समजुतीचं पुटपुटले. भांडं ठेवल्याचा आवाज आला. घुमी एका पायात चप्पल घालून तशीच उभी राहिली. ताई बोलते ते करते, हे ती लहानपणापासून पाहत आली होती.

तेव्हापासून तिचं कामावरही लक्ष लागेना. चष्म्याच्या दुकानात ती मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायची; तिथे तिच्या हातून कधी काच तडकत नसे, ती तडकली. ताईला बुडवणार तर आपलाच हात बुडवणार, हे तिच्या मनातून जाईना. मऊ वाजवून बघावं तर ताई लगेच विचारणार, का गं, माझ्यासाठी का?

आणि ताईने विचारलं तर खोटं बोलायची सोय नव्हती. ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्याच्या बाकड्यावर बसून तिने हात जोडले होते. तिला उठून घरी येऊ दे, मी खोटं बोलणार नाही. जन्मभराचं बोलून बसावं तर आपण माणूस आहोत, पाय घसरायचा. म्हणून ती रोज सकाळी, पाण्याचा घोट घ्यायच्या आधी, खिडकीशी बसून तेवढ्या दिवसापुरतं नव्याने मागायची: आजचा दिवस खोटं नको. मुळात बोलणंच कमी, त्यामुळे हे व्रत तिला जड गेलं नव्हतं. आता जात होतं. आवाज कसा वाटला असं ताईने विचारू नये म्हणून ती तालमीनंतर तारा पुसायचं निमित्त करून वर आपल्या खोलीत पळायची.

"हे बघा," दुकानदाराने भिंतीवरून एक भलीमोठी बास काढली. "पाच तारांची. खालची तार वाजवली तर इमारत हलेल."

"इमारत हलायला नकोय."

"बरं. मग ही?" त्याने एक आखूड मानेची, हलकी बास तिच्या हातात दिली. "बोटं लांब ताणावी लागत नाहीत. तारा सैल. आवाज असा गोल येतो, उशीवर मूठ मारल्यासारखा."

घुमीने पिक खिशात ठेवला आणि अंगठ्याने तार छेडली. आवाज आला आणि दुकानातल्या दुकानात खाली बसला. कुणाच्या अंगावर गेला नाही. या आवाजावर ताईचा आत्ताचा आवाज ठेवता येईल, पाण्यावर पान राहतं तसा. तिने आणखी एकदा छेडली. घ्यावीशी वाटली. मग डोळ्यांसमोर आलं की ही नवी बास घेऊन आपण दारातून आत शिरतोय आणि ताई समोर उभी आहे. अठरा वेळा विचारेल. जुनीला काय झालं? एकाएकी नवी कशाला?

तिने बास परत दिली. "असाच आवाज माझ्या बासवर येईल अशा तारा नाहीत का?"

"आहेत की. फ्लॅटवाउंड. वरची गुंडाळी चपट्या पट्टीची, बोट फिरवा, कसं गुळगुळीत. पण सांगून ठेवतो, पिकवाली माणसं या तारा आठवड्यात परत आणतात. म्हणतात, जीव नाही यांच्यात."

"मला चालेल."

"मग दोन गोष्टी ऐका. एक, गुळगुळीत म्हणजे मऊ नव्हे. ताण जास्त असतो, बोटं दुखतील. दुसरं म्हणजे…"

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन थरथरला. ताई. कुठे आहेस? घुमीने उत्तर लिहिलं: बाजारात. हे खरं होतं. तरी तिचे कान तापले. दुकानदार खुंटीबद्दल काहीतरी सांगत होता, आधी हे करा मग ते करा. ती मान डोलावत राहिली.

"…नाहीतर तार मेली म्हणून समजा. मी परत घेणार नाही. उद्या रविवार, दुकान बंद."

"हो, हो," घुमी म्हणाली.

कार्यक्रम रविवारीच होता, संध्याकाळी. दुपारची जेवणं झाली, ताई जरा पडली, तेव्हा घुमीने खोलीचं दार लोटून घेतलं आणि पलंगावर बास आडवी ठेवली. जुन्या तारा काढून वेटोळी करून डब्यात ठेवल्या. नव्या चढवायला लागली, बारीक तारेपासून. मापाने तोडायची, टोक खुंटीत घालायचं, पिळायची. वर्षानुवर्षं ती असंच करत आलेली. तीन तारा चढल्या. हात थोडे शांत झाले. तिने सगळ्यात जाड तार घेतली, ब्रिजमधून ओढली, खुंटीपाशी धरली. जिन्यावर पावलं वाजली. ताईचीच, पायरीवर क्षणभर थांबणारी. घुमीने घाईने कटर चालवला.

कट्, आणि बोटांखाली तारेवरची चपटी पट्टी अळीसारखी सरकली. तिला तेव्हा कळलं नाही. तिने टोक खुंटीत कोंबलं.

"तारा बदलतेस? आज?" ताई दारात उभी होती. गळ्याला रुमाल.

"हो. नव्या आणल्यात."

ताईने बासकडे पाहिलं, डब्यातल्या वेटोळ्यांकडे पाहिलं, मग बहिणीच्या तोंडाकडे. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

"चहा टाकलाय. ये खाली," म्हणाली आणि गेली.

घुमीने खुंटी पिळली. तीन तारा छान बसल्या. जाड तार वाजवली तर ओल्या पुठ्ठ्यावर चापट मारल्यासारखा आवाज. तिने आणखी पिळली. सूर लागायचा आणि डोळ्यांदेखत उतरायचा. तिने तार सोडून पाहिली, आतल्या गाभ्यावरची पट्टी सैल होऊन नुसती फिरत होती. आणि मग दुकानदाराचं ते अर्धवट ऐकलेलं वाक्य कानात सबंध उमटलं: जाड तार आधी खुंटीवर वाकवा, मगच कापा.

दुसरी तार नव्हती. एक जुनी लावून बघितली. तीन तारा हळू बोलतायत आणि चौथी ओरडतेय. ते तर आणखी वाईट. शेवटी तिने सगळ्या नव्या उतरवल्या आणि डब्यातल्या जुन्या परत चढवल्या. वाजवून पाहिलं. होती तशी, खणखणीत. मग ती चहाला खाली गेली.

शाळेचं सभागृह भरत होतं. कलाकारांना बसायला पहिलीचा वर्ग दिला होता. इटुकली बाकं, भिंतीवर रंगीत मुळाक्षरं. दाजी गुडघे छातीशी घेऊन एका बाकावर बसले होते आणि गिटार जुळवत होते.

"मला पुन्हा पहिलीत घातलं," ते म्हणाले. "या वेळी तरी पास करा."

कुणी हसलं नाही. घुमी कोपऱ्यात उभी राहून, आवाज वाढवणारं यंत्र न जोडता, अंगठ्याच्या मांसाने तार छेडत होती. तरी आवाजाची धार उरतच होती. पिकची सवय झालेला हात अंगठ्याला जुमानत नव्हता. बाहेरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला.

"अहो," ताई दाजींना म्हणाली, "माईक लागला का बघून या जरा."

"आत्ताच बघून आलो."

"परत बघा."

दाजींनी दोघींकडे पाहिलं, बाकातून कसेबसे सुटले आणि गेले. ताई घुमीच्या समोर येऊन उभी राहिली.

"घुमे, वर बघ. हे म्हणतात आवाज झकास आहे. मुख्याध्यापिका म्हणतात तसाच आहे. शेजारीण म्हणते उलट गोड झालाय. तू एकटी काहीच बोललेली नाहीस."

घुमीने मान वर केली.

"रोज सकाळी खिडकीत बसून काय मागतेस ते खाली ऐकू येतं मला," ताई म्हणाली. "म्हणून तर इतके दिवस तुला विचारलं नाही. आता विचारते. माझा आवाज लहान झालाय ना?"

नाही म्हटलं तर ताई बाहेर जाऊन गाईल आणि बुडेल. हो म्हटलं तर कदाचित बाहेर जाणारच नाही. घुमीने मनातल्या मनात हात जोडले. दोन्हीकडून हात पोळणार, तर निदान तोंड तरी स्वच्छ राहू दे.

"हो," ती म्हणाली.

"किती?"

"माझ्या बासखाली ऐकू येत नाही."

ताईने डोळे मिटले. घुमीला वाटलं, संपलं. बाहेर कुणीतरी माईकवर फुंकर मारत होतं.

"वाईट झालाय?" डोळे न उघडता ताईने विचारलं.

"नाही. वेगळा झालाय. पूर्वी तू सगळ्यांना ऐकवायचीस. आता जवळ बसलेल्या माणसाला काहीतरी सांगितल्यासारखं वाटतं. मला तालमीत तेच ऐकायचं होतं, पण माझाच आवाज मध्ये यायचा."

ताई एका इटुकल्या बाकावर बसली.

"दुपारी त्या तारा कशाला आणल्या होत्यास?"

"माझा आवाज दबला असता. कडा मोडल्या असत्या. मी एक तार मारून टाकली. घाईत."

"मी जिन्यावर होते तेव्हा?"

"हो."

"म्हणजे मीच मारली," ताई म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "आवाज दाबायला तारच लागते का गं? दुसऱ्या कशाने नाही दबत?"

"तारांखाली काहीतरी मऊ घातलं तर दबतो. ब्रिजपाशी. पण इथे…"

ताईने हात मानेमागे नेला आणि रुमालाची गाठ सोडली. ऑपरेशननंतर घरातसुद्धा तो उतरलेला घुमीने पाहिला नव्हता. गळ्यावर आडवी गुलाबी रेघ होती, नवीन कातडीची. ताईने रुमालाची लांबट घडी घातली आणि पुढे केली.

"घाल."

घुमीने घडी तारांखाली सरकवली, बोटांनी चेपून बसवली. लोकर अजून कोमट होती. तिने अंगठ्याने तार छेडली. धप्. आणखी एकदा. आवाज आला आणि जागच्या जागी विरला. मागे शेपूट उरलं नाही.

दाजी दारात आले. "माईक अजूनही चालू आहे." त्यांनी कान टवकारला. "घुमे, तुझ्या बासला सर्दी झाली का?"

"दाजी, तुम्हीपण आज हळू घ्या," घुमी म्हणाली.

दाजींची नजर ताईच्या उघड्या गळ्याकडे गेली. ते पुढे थट्टा करणार होते, ती त्यांनी गिळली. "घेतो," एवढंच म्हणाले.

रंगमंचावर दिवे डोळ्यांत जात होते. ताईने दाजींना हलकेच सांगितलं, "पट्टी खाली घ्या. आणखी. हां." घुमीने पिक खिशातून काढलाच नाही. अंगठा तारेवर टेकवला. लक्ष ताईच्या श्वासाकडे दिलं.

ताईने पहिली ओळ उचलली. सभागृहात पालक अजून आपापसांत बोलत होते. त्यातल्या काहींनी बोलणं अर्ध्यावर सोडलं, कारण नीट ऐकू येत नव्हतं आणि ऐकायचं होतं. मागच्या रांगेत कुणीतरी पुढे झुकलं. घुमीला आपली तार वेगळी ऐकू येईना. ताईचा आवाज मात्र येत होता, कडेला फाटलेला, प्रत्येक शब्दासकट.

दुसऱ्या कडव्यात एका वरच्या सुरावर तो चिरकला. उघडच चिरकला, लपण्यासारखा नव्हता. ताईचा हात गळ्याकडे गेला, रुमाल चाचपायला. तिथे रुमाल नव्हता. हात क्षणभर त्या गुलाबी रेघेवर थांबला.

घुमीने अंगठा थांबू दिला नाही. धप्, धप्, सावकाश, वाट बघत असल्यासारखा.

ताईचा हात खाली आला. तिने श्वास घेतला आणि तोच सूर पुन्हा, या वेळी खालून, धरला.