दहा तासांची झोप

चनबसप्पा मास्तरांनी खडू टेबलावर ठेवला, तिसऱ्या ओळीत जाऊन ते खाली वाकले आणि मायाक्काच्या डोक्याखालची पाटी त्यांनी अलगद ओढून घेतली. पाटीवरचं अर्धं गणित तिच्या गालावर उतरलं होतं. वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. खांद्यावरच्या उपरण्याची घडी करून त्यांनी ती तिच्या डोक्याखाली सारली, फळ्यापाशी परत आले आणि आवाज जरा खाली आणून उरलेलं गणित सोडवलं.

मागच्या वर्षी असं घडलं नसतं. सोलापुरातल्या गिरणवस्तीच्या त्या शाळेत मास्तर सोळा वर्षं शिकवत होते, आणि डुलक्या घेणाऱ्या पोरांवर त्यांचा एकच इलाज होता, निगडीची ओली छडी. मग १९३३ सालच्या उन्हाळ्यात शिक्षण खात्यानं काही शिक्षकांना आरोग्याच्या वर्गासाठी पुण्याला धाडलं. तिथं एका डॉक्टरांनी सांगितलं, की वर्गात झोपणारं मूल आळशी नसतं, झोपेला उपाशी असतं. त्याला मारायचं म्हणजे ताप चढलेल्याला अंग का गरम म्हणून मारायचं. मास्तरांनी ते वाक्य वहीत उतरून घेतलं. त्या रात्री धर्मशाळेत त्यांना स्वतःलाच झोप लागली नाही. सोळा वर्षांतले पुढे आलेले तळहात एकेक करून आठवत राहिले.

सोलापूरला परतल्यावर त्यांनी वर्गाच्या भिंतीवर मोठा तक्ता लावला. प्रत्येक मुलाचं नाव, त्यापुढे झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ. आठवडाभर रोज दहा तास झोपेल त्याच्या नावापुढे शनिवारी लाल पेन्सिलीनं चांदणी. हेडमास्तर आबासाहेब आधी हसले. "झोपायला कसले गुण देता, मास्तर?" पण खात्यानं दरमहा अहवाल मागवल्यावर तेही रोज येऊन तक्त्यापुढे उभे राहू लागले.

मायाक्काच्या नावापुढची घरं रिकामी असत. एके दिवशी मास्तरांनी तिला मधल्या सुट्टीत जवळ बोलावलं.

"रात्री किती वाजता झोपतेस गं?"

"झोपती की, गुर्जी."

"पण कधी?"

"बाळ झोपलं की."

"आणि बाळ कधी झोपतं?"

"दिवसा," ती म्हणाली.

तिचा बाप सांगोल्याकडे मेंढरं राखून होता. दुष्काळानं कळप निम्मा झाला तेव्हा आई, फुलाबाई, दोन्ही पोरं घेऊन शहरात आली आणि गिरणीत सूत गुंडाळायच्या कामाला लागली. एवढं मास्तरांना माहीत होतं. दिवसा झोपणारं आणि रात्री जागणारं बाळ त्यांना काही विशेष वाटलं नाही. पोरांचं असतंच असं काही.

पोरांना सांगून भागणार नाही, आईबापांना सांगायला हवं, हे मात्र त्यांना पटलं. एका रविवारी, गिरणीला सुट्टी असताना, चाळीच्या पटांगणात त्यांनी सभा घेतली. लिंबाच्या बुंध्याला पुण्याहून आणलेलं चित्र टांगलं. चित्रात खिडकी उघडी होती आणि एक गुबगुबीत मुलगा पांढऱ्या चादरीत झोपला होता. बायका धुणी टाकून आल्या, पुरुष उकिडवे बसले. मास्तर तासभर बोलले. झोपेत हाडं वाढतात, झोपेत मेंदू ताजा होतो, दहा तास म्हणजे दहा तास.

"आन् गिरनीच्या भोंग्याला कोन सांगनार, मास्तर?" रंभाबाई नावाची एक म्हातारी म्हणाली, आणि सगळी सभा हसली.

मग प्रश्न सुरू झाले. एका खोलीत नऊ माणसं, दिवा कुणी आधी मालवायचा? दोन पाळ्यांची माणसं एकाच अंथरुणावर, पोरांनी कुठं झोपायचं? मास्तर वहीची पानं चाळत राहिले. शेवटी फुलाबाई उठली. सडसडीत बाई, केसांत अजून कापसाचे तंतू.

"माजी पोरगी वर्गात झोपती म्हनं. घरी तिला झोपच न्हाय. बाळ रातभर जागं, तीच त्याला हलवत बसती. मी डोळा न्हाय मिटला तर मशिनीत हात जाईल माजा. पलीकडच्या खोलीत पाळी सुटलेल्यांचा गलका. कशी झोपवू तिला, सांगा."

"काहीही करा, फुलाबाई," मास्तर म्हणाले, "पण पोरीला रात्री झोपवा. नाहीतर तिची वाढ खुंटेल. मग मला बोल लावू नका."

फुलाबाईनं मान हलवली. दुकानातून आणायच्या जिनसा मनात घोळवाव्यात तसे तिचे ओठ हलले, आणि ती खाली बसली.

दुसऱ्या आठवड्यात मायाक्काच्या नावापुढची घरं भरली. आठला झोपली, सहाला उठली. रोज. मास्तरांनी तिला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं; खोटं सांगणारी पोर ती नव्हती. त्यांनी चांदणी काढली. पुढच्या शनिवारी दुसरी काढली. इतर नावांपुढेही चांदण्या उगवू लागल्या. सभेचा गुण आला म्हणायचा. संध्याकाळी घरी जाताना मास्तर उगाच लांबच्या रस्त्यानं, तलावाच्या कडेनं जात.

मायाक्का आता पाटीवर डोकं टेकत नव्हती. भिंतीला पाठ लावून सरळ बसे. गणित मात्र चुकू लागलं होतं. हाक मारली की ओ यायला वेळ लागे, आणि ती सारखी नाक नाहीतर दंड खाजवत असे. मास्तरांनी ते पाहिलं. पोर आता शांत झाली, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

श्रावणात खात्याचं पत्र आलं. तक्त्याची फार स्तुती होती, आणि पुढच्या शनिवारी तपासनीस स्वतः पाहायला येतील असंही लिहिलं होतं. आबासाहेबांनी ते पत्र प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेपुढे वाचून दाखवलं आणि सर्वांत जास्त चांदण्या मिळवल्याबद्दल मायाक्काला पुढे बोलावून नवी पाटी दिली. टाळ्या वाजल्या. ती पाटी छातीशी धरून उभीच राहिली. जागेवर जायचं तिला सुचलं नाही. मास्तर तिचा हात धरून तिला ओळीत घेऊन गेले. हात गार होता.

सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी मधल्या सुट्टीत मास्तर चाळीकडे निघाले.

दुपारची चाळ रिकामी होती. फुलाबाईच्या शेजारी राहणारी नागव्वा ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. गिरणीत जाणाऱ्या बायका आपली लेकरं तिच्या हवाली करून जात. तिच्या मागं एका घोंगडीवर पाच तान्ही पोरं ओळीनं निजली होती. एकाच्या ओठांवर माश्या बसल्या होत्या. ते हलत नव्हतं. पाचांतलं एकही हलत नव्हतं.

"रडत नाहीत का गं ही, अव्वा?" मास्तरांनी विचारलं.

"रडतील कशानं? गोळी हाय की पोटात."

"कसली गोळी?"

"बाळगोळी." तिनं मास्तरांकडे नवलानं पाहिलं. "अफूची. तुमाला पोरं न्हाईत काय, मास्तर?"

मास्तरांनी फुलाबाईच्या दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

"मायाक्का कुठं आहे?"

"आत. झोपलीय. काल दुपारला उठली हुती, आज जरा लांबलंय."

आत अंधार होता. मायाक्का भिंतीकडे तोंड करून पडली होती. मास्तरांनी हाक मारली, खांदा हलवला. तोंडाजवळ कान नेला. एक श्वास आला. मग त्यांनी पुढच्या श्वासाची वाट पाहिली, आणि तो येईपर्यंत त्यांना स्वतःचा श्वास घेता आला नाही. त्यांनी तिच्या डोळ्याची पापणी वर केली. आतली बाहुली मोहरीएवढी झाली होती.

"हिला कुणी दिली?" ते ओरडले.

"आईनं," नागव्वा दारात येऊन म्हणाली. "आदी अर्दी देत हुती, मग ती लागंना. आता अक्की देती." मास्तरांच्या ओरडण्यानं ती बावरली होती. "तुमीच सांगितलं म्हनं तिला. कायबी कर, पर झोपीव."

मास्तरांनी पोरीला खांद्यावर घेतलं. तिचं वजन इतकं कमी होतं, की उचलताना त्यांचा तोल गेला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पोटात नळी घालून औषधाचं गुलाबी पाणी आतबाहेर केलं आणि दाट काळी कॉफी करायला सांगितली. "आता हिला झोपू द्यायचं नाही," ते मास्तरांना म्हणाले. "चालवा. चालत नाही तर ओढा. डोळे मिटले की गालावर मारा."

"मारू?"

"जोरात मारा. झोपली तर गेली."

दुपारभर चनबसप्पा मास्तर त्या पोरीला काखेत धरून दवाखान्याच्या पडवीत येरझारा घालत होते. तिची पावलं फरशीवरून फरफटत होती. मान कलली की ते थांबत, हात उचलत आणि मारत. पहिल्यांदा हात हलका पडला. तिनं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्यांदा त्यांनी जोरात मारलं. तिच्या गालावर बोटं उठली. "ऊठ," ते म्हणत होते. "ऊठ गं माझे बाई, ऊठ." उन्हं कलल्यावर कधीतरी ती रडायला लागली. बारीक, चिडकं, जागं रडणं. मास्तर तिला घेऊन पायरीवर बसले. उजवा हात त्यांनी मांडीखाली दाबून धरला.

गिरणी सुटल्यावर फुलाबाई धावत आली. बाळ काखेत होतं. पोरगी जागी आहे हे पाहून ती तिथंच, जमिनीवर बसली.

"मेली असती का, मास्तर?"

"हो."

फुलाबाईनं मायाक्काच्या गालावरची बोटं पाहिली. मग तिनं काखेतल्या बाळाकडे पाहिलं.

"ह्याला देती ती गोळी बी तेवढीच वंगाळ का?"

"तेवढीच. तीही देऊ नका."

"मग ह्ये दिवसभर रडंल. नागव्वा धरायची न्हाय. मग मी गिरनीत कशी जाऊ?"

ती भांडत नव्हती. पटांगणात विचारलं होतं तसंच, उत्तर असेल म्हणून विचारत होती.

"मला ठाऊक नाही, फुलाबाई," मास्तर म्हणाले.

तिनं मान हलवली.

गुरुवारी आबासाहेब दारातच भेटले. वस्तीतली बातमी त्यांच्या कानावर आली होती. "पोर वाचली ना? देवाची कृपा," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "एका घरचा अडाणीपणा, मास्तर. तक्त्याला त्यानं बाध येत नाही. शनिवारी तपासनिसांपुढे विषय काढू नका."

मास्तर वर्गात गेले. प्रार्थना झाली. पाट्या निघाल्या. त्यांनी खडू उचलला नाही. तक्त्यापाशी जाऊन ते लाल चांदण्या असलेली नावं वाचत राहिले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मग वर्गाकडे वळले.

"मुलांनो," ते म्हणाले, "मी रागावणार नाही. कुणालाही मारणार नाही. खरं सांगायचं. रात्री झोपताना घरी गोळी कुणाकुणाला देतात?"

मग खिडकीजवळची एक मुलगी शेजारणीकडे पाहून हसली आणि तिनं हात वर केला. तिच्यामागं दुसरा हात आला. मग एकदम तीन. चांदण्यांचंच काही असणार असं वाटून काही पोरांनी हात अगदी ताठ, उंच धरले होते. मास्तरांनी मोजले. अकरा. त्यांनी पुन्हा मोजले.

शेवटच्या ओळीत सात वर्षांची सोजर बसली होती. तिचा हात सारखा खाली येत होता, म्हणून दुसऱ्या हातानं कोपराखाली आधार देऊन ती तो वर धरून होती. तिचे डोळे मिटले होते.

मास्तर ओळींमधून तिच्याकडे निघाले.