चक्रांग की भुवई बदक

"मादी कधीच फसवत नाही, फसतो तो बघणारा," असं धीरगंभीर आवाजात सांगून निवृत्त प्राध्यापकांनी दुर्बिणीला डोळा लावला. दुर्बिणीचं झाकण काढायचं राहिलं होतं. बायकोनं ते काढलं.

धुकं पाण्यावरून हलायला तयार नव्हतं. त्यात तपकिरी, ठिपकेदार बदकं, एकाच साच्यातून काढल्यासारखी, आवाज न करता तरंगत होती.

"चोचीच्या मुळाशी पांढुरका ठिपका, गालावर काळपट पट्टा. भुवई बदक, मादी. लिहा."

तिनं वहीत लिहिलं. पस्तीस वर्षं ते तिला 'लिही' म्हणत आले होते. गेले दोन महिने मात्र 'लिहा', 'बसा', 'आपलं जेवण झालं का?' शेवटी मुलगी फोनवर म्हणाली, "आई, बाबांना तळ्यावर ने. तिथं तरी तुला ओळखतील." म्हणून आज ही पहाट.

"शेपटीच्या कडेला फिकट रेघ. चक्रांग बदक, मादी."

एकही चूक नाही. तिला धीर आला.

"अहो, आणि मी कोण?" तिनं हसत विचारलं.

डोळा न हलवता ते हळूच म्हणाले, "साम्य विलक्षण आहे. आवाज, चाल, सगळं. चहाचा डबासुद्धा तुम्हाला न शोधता सापडतो. म्हणूनच मी भिऊन गप्प बसलो."

"भिऊन? कशाला?"

"तिचं काय केलंत, हे विचारायला."

पाण्यावर एकही बदक हलत नव्हतं.

"मी ती नाही, हे कशावरून?" स्वतःचाच आवाज तिला परका वाटला.

"माझी बायको मान किंचित डावीकडे कलती ठेवते. लग्नाआधीपासून. बसस्टॉपवरच्या गर्दीत मी तिला त्यावरूनच हेरायचो. तुम्ही सरळ बघता."

तिनं मान डावीकडे झुकवून पाहिली. झुकली नाही. ते त्यांनी पाहिलं आणि, कुणाची लबाडी उघडी पडल्यावर सभ्य माणूस पाहतो तसं, दुसरीकडे पाहिलं.

"असू द्या. नवख्या माणसाला फरक कळलाच नसता," ते समजूत घालत म्हणाले. "भेटली तर तिला एवढंच सांगा, मी फसलो नाही."

दोन महिन्यांपूर्वी तिच्या मानेच्या मणक्यांत चार स्क्रू बसवले होते. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर सही त्यांचीच होती.