नानासोंचा ठसा

सांगलीतल्या प्रदर्शनात रेश्मानं एक ठुशी उलटी केली आणि तिची कानशिलं तापली. फासाजवळ 'ना' हे अक्षर उमटलं होतं. तिनं दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. ट्रेमधल्या चाळीसही ठुश्यांवर तेच. वर पाटी: 'रहिमतपूरच्या नानासो पोतदारांचे साठ वर्षांपूर्वीचे दुर्मिळ दागिने'.

नानासो पितळेवर सोन्याचा मुलामा देऊन जत्रांमधून दागिने विकायचे. गरिबाघरच्या नवऱ्या तेच घालून बोहल्यावर चढायच्या. आज चार संग्राहक सोडले तर त्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही. साताऱ्यात शाळेत शिकवणाऱ्या रेश्मानं बारा वर्षं गावोगाव हिंडून त्यांचे एकोणीस नग जमवले होते. नानासोंच्या लेकीनं, शालूबाईंनी, विश्वासानं वडिलांचा 'ना' उमटवायचा पोलादी ठसाही तिच्या हाती दिला होता. आणि तोच ठसा तिनं दोन महिन्यांपूर्वी आज टेबलामागं हे दागिने विकत बसलेल्या या जयराजला दिला होता. फोटो काढायला म्हणून!

"साठ वर्षांत एक ओरखडा नाही?" ती ओरडली. "कालचा माल आहे हा!"

"ताई, हळू." जयराज हसला. "म्हाताऱ्याचंच नाव होतंय की."

"ठसा काढ. आत्ता!"

आवाज ऐकून माणसं थांबली, तेव्हा कुठं त्यानं तो खणातून काढून टेबलावर टाकला.

तिथून ती थेट रहिमतपूरला गेली. शालूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि ठसा तिच्या हातातून ओढला.

"फासात जरा खोट दिसली तरी माझा बा नग मोडायचा. आन् तू ठसा दिऊन बसलीस? मला इचारलंस?"

"चुकलं, मावशी."

"चुकलं म्हनं! उद्या चल. मला दाव त्यो कोन हाय."

दुसऱ्या दिवशी पंच्याहत्तरीच्या शालूबाई जयराजच्या टेबलापुढं उभ्या राहिल्या. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगू लागल्या, "मी नानासोची लेक. ह्यातला एक बी नग माझ्या बानं केलेला न्हाई." जयराजनं आधी हात जोडले, मग दमदाटी केली. त्या हलल्या नाहीत. दुपारपर्यंत त्यानं गाशा गुंडाळला.

परतीच्या एसटीत रेश्मानं त्यांच्यासाठी खिडकीजवळची जागा धरली. शालूबाई तिला ओलांडून पुढं गेल्या आणि ड्रायव्हरमागच्या बाकावर बसल्या. रहिमतपूर येईपर्यंत त्यांनी एकदाही मागं वळून पाहिलं नाही.