चतुराबाईची अंघोळ

मी एक जुना तांब्याचा बंब आहे. मित्रांनो, माझ्या पोटात मधोमध एक नळकांडं आहे. त्यात तुराट्या पेटवायच्या, वरून थंड पाणी ओतायचं आणि तोटीखाली बादली धरून कढत पाणी घ्यायचं, एवढं साधं माझं काम. उदगीरच्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं आणि नांदेडच्या नदीकाठी एका धर्मशाळेत मी तीस वर्षं तापलो. पाहुणे कौतुक करायचे. वरून पाणी ओता म्हटलं की मात्र त्यांचे हात दुखायचे. आता न्हाणीघरात विजेचं यंत्र आलंय आणि मी मागच्या अंगणात काळा पडून बसलोय. पण श्रीमंत नावाच्या एका पोराच्या पाहुण्यांची आठवण आली, की बिनजाळाचंसुद्धा माझं डोकं तापतं.

लातूर वेगळा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती आणि पावसाने सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. नव्या जिल्हा कचेरीत नोकरीला लागलेल्या श्रीमंतने माझ्या धर्मशाळेत दोन खोल्या घेतल्या, त्या आपल्या आईसाठी, चतुराबाईसाठी. अहमदपूरजवळच्या त्यांच्या गावात टँकर आठवड्यातून एकदा यायचा. चतुराबाईने चार महिने डोक्यावरून पाणी घेतलं नव्हतं. तिला एकदा पोटभर न्हायला मिळावं, एवढीच त्या पोराची इच्छा. पण आईला एकटीलाच कसं न्यायचं, म्हणून त्याने धाकटी बहीण सिंधु, तिचा नवरा अण्णाराव आणि मामी यांनाही बोलावलं. इथेच तो फसला.

मामी उतरली तीच घरातल्या सगळ्या वाकळांचं गाठोडं घेऊन. "पानी हाय म्हनलास, मग धुवून नेते की," म्हणाली. अण्णारावांना नदीकडची खोली हवी होती. ती दिली, तर तिथे डास निघाले. श्रीमंत संध्याकाळपर्यंत खाटाच हलवत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर कहर झाला. चतुराबाई माझ्यापुढे बसून तुराट्या सारत होती. "जावयाचं होऊ दे आधी," म्हणून तिने स्वतःची पाळी मागे ठेवली होती. आणि या मंडळींना पाणी दिसलं की भरून ठेवायची सवय लागलेली. इथे नळ दिवसभर वाहत होता, तरी त्यांनी बादल्या, घागरी, मामीचा पिठाचा डबासुद्धा माझ्या तोटीखाली धरला आणि सगळं खोलीत नेऊन ठेवलं. वरून तांब्याभर पाणी ओतायचं कुणाला सुचलं नाही. चतुराबाईने शेवटी तोटी सोडली, तेव्हा दोन थेंब पडले. खाली जाळ आणि पोट कोरडं. माझे सांधे तडतडायला लागले.

"ऱ्हाऊ दे रे, घरी गेल्यावर बघू," ती म्हणाली.

श्रीमंतचा संयम सुटला. त्याने जळत्या तुराट्या बाहेर ओढल्या, खोलीत गेला आणि एकेक भांडं आणून माझ्यात ओतू लागला. अण्णारावांच्या बादलीला हात लावला, तेव्हा सिंधु आडवी आली.

"दादा, त्यांची नको. जावई हायत, रुसून बसतील."

"बसू दे. आईची अंघोळ होईस्तोर कुनालाबी पानी मिळायचं न्हाई."

"मग आमी निघतो," म्हणत अण्णाराव पिशवी भरायला लागले. श्रीमंतने ती बादली माझ्यात उपडी केली. त्याने पुन्हा जाळ घातला, पाणी कढलं, चतुराबाई बादली भरून न्हाणीघरात गेली आणि तो दाराशी राखणीला बसला. आतून बराच वेळ पाणी पडल्याचा आवाज येत होता. मला फार समाधान वाटलं.

दार उघडलं. चतुराबाईचे केस कोरडे होते; आतल्या नळाखाली तिने नुसते हातपाय धुतले होते आणि हातात कढत पाण्याची बादली जशीच्या तशी भरलेली होती.

"अण्णारावाला द्या. बिनअंघोळीचा जायला नगं जावई."

श्रीमंत कपाळाला हात लावून तिथेच बसला. सिंधुने आईच्या हातातली बादली घेतली. "तुमी व्हा पुढं," ती नवऱ्याला म्हणाली, "मी येते मागून." तिने आईला दंडाला धरून आत नेलं आणि आतून कडी घातली. मग मात्र खरंच डोक्यावरून पाणी पडलं.

मित्रांनो, अशा माणसांच्या हाती नुसती भरली बादली देऊन मोकळे होऊ नका. आत जा आणि त्यांच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने पाणी ओता.