मास्तरांच्या सात वह्या

"देवघर आहे की रसायनशाळा? वर्षातून एकदाच म्हणे कपाट उघडतात!" कुलपाशी झटणाऱ्या अब्दुल गफ्फारच्या कानाशीच तारा पुटपुटली.

"हळू बोला बाई," शाळेचा हा जुना शिपाई किल्ली फिरवत म्हणाला. "आक्का दारातच हायेत."

अकोल्याच्या मुलींच्या शाळेत तारा रसायन शिकवायची, म्हणजे फळ्यावर. लढाई पेटल्यापासून मुंबईहून रसायनाची एक बाटली येईना, आणि इन्स्पेक्टरसाहेबांनी बजावलं होतं, दिवाळीनंतर प्रयोग दिसले नाहीत तर वर्ग बंद. मागच्या लढाईत कमलाकांत मास्तरांनी तुरटी, मोरचूद, पापडखार असल्या किराण्याच्या मालावर प्रयोग बसवून सात वह्या लिहिल्या होत्या. मास्तर गेले, वह्या अमरावतीच्या या शाळेत राहिल्या. ताराने तीन पत्रं धाडली. तिन्हींना उत्तर एकच : खंडेनवमीला या.

आज नवमी होती. तराजू, चंबू, स्पिरिटचा दिवा, सगळ्यांना झेंडू वाहिलेला. गफ्फारने लाल फडक्यात बांधलेलं वह्यांचं गाठोडं काढून आक्कांच्या, म्हणजे मास्तरांच्या पत्नी गोदाबाईंच्या, हातात दिलं. त्यांनी ते पाटावर ठेवून हळद वाहिली.

"आता उतरवून घेऊ?" ताराने दौत पुढे सरकवली.

"पूजेतलं आज सोडू नये," हेडमास्तर म्हणाले.

"मग उद्या?"

"उद्या दसरा."

"परवा?"

"परवा कपाट बंद. ताराबाई, तुम्ही शिकलेल्या. समजून घ्या."

"समजायला काही सांगाल तर ना!" ताराचा आवाज चढला. "माझ्या नऊ मुलींचं वर्ष जातंय, सर. मास्तरांनी हे हळद वाहायला लिहिलं होतं का?"

हेडमास्तर चष्मा पुसू लागले. तो मघाशीच पुसून झाला होता.

"गफ्फारभाई, तुम्ही तरी बोला."

"मी काय बोलू बाई? मले कुठं वाचता येते."

ताराने सरळ गाठीलाच हात घातला. गफ्फारने गाठोडं झटकन मागं ओढलं.

"नोका बाई. आक्कांसमोर नोका."

गोदाबाईंनी त्याच्या हातातून गाठोडं काढून घेतलं आणि मांडीवर ठेवलं.

"दर नवमीले मीच उचलते हे," त्या म्हणाल्या. "दरसाल थोडं हलकं लागते. वाळवीनं खाल्ल्या ना रे वह्या, गफ्फार?"